डोळ्याच्या तळाचे दोन फोटो

कळमेश्वरकडच्या एक बाई होत्या. डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं, "मंगळवारी फोटो काढायला या." मंगळवारी त्या आल्या त्या हिरव्या नऊवारीत, नाकात नथ, अंबाड्यावर अबोलीचा गजरा आणि चेहऱ्यावर पावडरचा चांगला जाड थर. मी त्यांच्या डोळ्यांत बाहुली मोठी करायचं औषध घातलं, अर्ध्या तासाने हनुवटी टेकवून कॅमेऱ्यासमोर बसवलं आणि काम उरकलं. आठवड्याने त्या फोटो बघायला आल्या. मी कागद पुढे केला. करड्या रंगाचं एक वर्तुळ, त्यात एक पांढरट चकती, आणि चकतीतून फुटलेल्या शिरा. बाईंनी कागद उलटा केला, सुलटा केला, मागची कोरी बाजूही तपासली.

"अवं बाई, माहं तोंड कुठं हाय यात?"

"मावशी, हे तुमच्या डोळ्याच्या आतलं आहे."

"आतलं कोण पायते वं? मी तं नथ घालून आली होती!"

नागपुरातल्या एका मोठ्या सरकारी दवाखान्याच्या नेत्र विभागात मी वीसेक वर्षं हे आतलंच बघत आले. आमच्या घराने धम्मदीक्षा घेतली तेव्हा मी परकरातली पोर होते. बाबांचा एकच हट्ट, पोरीने शिकून नर्सचा पांढरा गणवेश घालायचा. तो मी घातला, आणि पुढचा जन्म काळ्या खोलीत फिल्म धूत काढला. त्याचं असं झालं की विभागात परदेशातून एक कॅमेरा आला. डोळ्याच्या बाहुलीतून आत डोकावून मागच्या पडद्याचा फोटो घेणारा. ज्या गृहस्थांना तो शिकायला पाठवलं होतं, ते शिकून आले आणि तीन महिन्यांत दुसरीकडे चांगली नोकरी धरून गेले. यंत्रावर धूळ बसू लागली. एक दिवस आमचे विभागप्रमुख, ज्यांना सगळे नुसतं 'साहेब' म्हणत, वॉर्डात येऊन म्हणाले, "रामटेके, तुम्ही इंजेक्शन देता तेव्हा पेशंट ओरडत नाही. हात स्थिर आहे तुमचा. उद्यापासून कॅमेरा तुमच्याकडे." झाली मी फोटोग्राफर. तोवर घरातला बॉक्स कॅमेरासुद्धा मी कधी हातात धरला नव्हता.

पण हात खरंच स्थिर होता, आणि डोकंही बरं होतं. वर्षभरात असे फोटो काढायला लागले की मुंबईहून आलेल्या डॉक्टरांनी विचारलं, कुणी काढले हे? माझ्या तोंडाने माझी स्तुती म्हणा हवं तर, पण नागपूरच्या मे महिन्यात फिल्म धुणं म्हणजे काय, ते ज्याने धुतली त्यालाच माहीत. फिल्म धुवायच्या औषधाचं पाणी थंडच असावं लागतं. आमच्या नळाला दुपारी चहा करता येईल असं पाणी. गरम पाण्यात फिल्मवरचा थर दुधावरच्या सायीसारखा सुटून यायचा. मी सकाळीच बर्फाची लादी आणवून पोत्यात गुंडाळून ठेवायचे, तिचे तुकडे परातीत टाकायचे, परातीत औषधाची भांडी ठेवायची, आणि मग दार लावायचं. कूलरवाल्या ऑफिसातले कारकून मला म्हणायचे, सिस्टर, तुमचीच मजा आहे, बर्फात बसता.

आता ज्यांना या कामाची काही कल्पना नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. डोळ्याच्या मागच्या भिंतीला जो पडदा असतो, तो एकच कापड नाही. कांद्याच्या पापुद्र्यासारखे एकावर एक थर असतात, आणि सगळे मिळून जाडी पोस्टकार्डाच्या आसपास. दुखणं बहुतेक वेळा या जाडीत दिसतं. काचबिंदूत वरचा थर झिजून पातळ होतो. हिरव्या काचेतून फोटो घेतला तर निरोगी डोळ्यात विंचरलेल्या केसांसारख्या बारीक रेघा दिसतात आणि झिजलेल्या जागी काळा पट्टा. साखरेच्या आजारात थरांत पाणी झिरपून पडदा फुगतो. आज एक यंत्र आहे, ते पडद्याचा जणू उभा काप दाखवतं आणि कुठे किती जाडी ते आकड्यांत लिहून देतं. परवा माझ्याच डोळ्याची तपासणी झाली, दोन मिनिटांत कागद हातात. मी यंत्र चालवणाऱ्या मुलीला म्हटलं, बाई गं, तू सुखी आहेस.

आमच्याकडे जाडी बघायचा एकच मार्ग होता. माणसाला दोन डोळे असतात म्हणून त्याला खोली कळते. तसे एकाच डोळ्याचे दोन फोटो घ्यायचे, एक कॅमेरा किंचित डावीकडे सरकवून, दुसरा किंचित उजवीकडे सरकवून. दोन्ही फोटो एका पुठ्ठ्यावर शेजारी शेजारी चिकटवायचे आणि दोन भिंगं बसवलेल्या चौकटीतून बघायचे. डावा फोटो डाव्या डोळ्याला, उजवा उजव्याला. बघता बघता सपाट कागदातून शिरा वर उठून येतात, खड्डा खोल जातो, सूज टेकडीसारखी उभी राहते. पहिल्यांदा बघणारा प्रत्येक जण 'अरे बाप्पा' म्हणतोच. साहेब त्या टेकडीची उंची नजरेने ठरवायचे आणि त्यांचा अंदाज सहसा चुकायचा नाही.

एक रंगाचं इंजेक्शनही होतं. दंडाच्या शिरेत द्यायचं आणि पडद्यातल्या शिरांतून रंग कुठे गळतो त्याचे भराभर फोटो घ्यायचे. त्या रंगाने माणूस दिवसभर पिवळा दिसतो आणि लघवी झेंडूच्या फुलासारखी होते. हे मी प्रत्येकाला आधी सांगायचे. एका पैलवानाला सांगायचं राहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोचायच्या आत तो माझ्या दाराशी उभा, हातात बाटली, पाठीशी आखाड्यातली चार माणसं. "सिस्टर, मी मरून राहिलो काय?" एवढा मोठा गडी, पण आवाज मांजरीच्या पिल्लासारखा. त्याला समजावता समजावता माझीच हसून पुरेवाट झाली.

पण माझ्या हातून जे खरं चुकलं, त्यात हसण्यासारखं काही नाही. ते नत्थूजींच्या बाबतीत घडलं.

नत्थूजी इतवारीतल्या एका पेढीच्या मागच्या कारखान्यात जडाईचं काम करायचे. सोन्याच्या दागिन्यात खडा बसवायचा, त्याच्याभोवती सोन्याची कड अशी दाबायची की खडा हलला नाही पाहिजे आणि तडकलाही नाही पाहिजे. वय चाळिशीचं, बारीक चणीचे, अतिशय स्वच्छ बोटं. मे महिन्यातल्या एका सकाळी ते आले.

"उजव्या डोळ्याच्या मधोमध मळकट टिकली लावल्यावानी दिसते, बाई. सरळ रेघ वाकडी दिसून राहिली. खडा जागेवर बसला का नाई, तेच समजत नाई."

"आणि डावा?"

"डावा चांगला हाय. पण डावा कामाचा नाई ना. भिंग मी उजव्या डोळ्याले लावतो. बापानं तसंच शिकवलं. आता हातही त्याच डोळ्याचं ऐकते."

त्यांना तपासलं डॉक्टर कुंदा यांनी. त्या नुकत्याच शिकून आमच्याकडे लागल्या होत्या. त्यांचं मत पडलं की पडद्याच्या अगदी मध्यावर, जिथून आपण बारीक बघतो तिथे, थराखाली पाणी साठून फोड आला आहे. असा फोड बहुतेकांचा तीन-चार महिन्यांत आपोआप ओसरतो. पण दुसरीही एक शक्यता होती, की त्याच जागी पडद्याला भोक पडलं असेल. त्या काळी भोकावर इलाज नव्हता. गेलेली नजर गेलीच. रंगाचं इंजेक्शन दिलं असतं तर निकाल लागला असता, पण त्याच्या कुप्या बाहेरून यायच्या आणि त्या महिन्यात संपल्या होत्या. म्हणून डॉक्टर कुंदांनी चिठ्ठीवर लिहिलं, 'जोडफोटो. फोड की भोक?'

मी नेहमी आधी डावीकडचा फोटो घ्यायचे, मग उजवीकडचा. त्या दिवशी कॅमेऱ्याचा दांडा डावीकडे सरकताना अडखळत होता. मी म्हटलं, आधी उजवीकडचा घेऊ, तोवर दांडा सुटेल. तसं दोन पेशंटांचं केलं. क्रम उलटा झाला हे वहीत लिहायला हवं होतं. मनात म्हटलं, लक्षात राहील. पुढे बर्फ वितळायच्या आत फिल्म धुवायची घाई. दुसऱ्या दिवशी पुठ्ठ्यावर फोटो चिकटवायला बसले तेव्हा हात सवयीने चालला. पहिला फोटो डावीकडे, दुसरा उजवीकडे.

यात काय एवढं, असं वाटेल. पण दोन फोटोंची अदलाबदल झाली की भिंगातून सगळं उफराटं दिसतं. खड्ड्याची टेकडी होते आणि टेकडीचा खड्डा. फुगलेला फोड खोल गेलेला दिसतो. एरवी डोळ्याची नस जिथे पडद्याला मिळते, त्या चकतीत मुळातच एक वाटी असते; ती टेकडीसारखी दिसली की घोटाळा लगेच ध्यानात येतो, पण नत्थूजींची चकती जवळपास सपाट होती. आणि खरी गोष्ट अशी, की पुठ्ठा साहेबांकडे पाठवण्याआधी आपण स्वतः भिंगातून बघायचं, हे मी त्या सुमारास सोडून दिलं होतं. चार लोकांनी वाखाणलं की माणूस असा सोकावतो.

साहेबांनी नुसता मधला भाग बघितला आणि म्हणाले, "भोक आहे."

डॉक्टर कुंदा म्हणाल्या, "सर, मी तपासलं तेव्हा मला फोड वाटला. एकदा तुम्ही डोळा बघाल का?"

साहेबांनी पुठ्ठ्यावर बोट आपटलं. "तुमचं वाटणं राहू द्या. रामटेकेंचा फोटो खोटं बोलत नाही."

मी शेजारीच उभी होते. खोटं कशाला बोलू, मला ते ऐकून बरं वाटलं.

नत्थूजींना सांगितलं तेव्हा त्यांनी एकच विचारलं, "म्हंजे या डोळ्यानं खडा बसवणं नाई होनार?" डॉक्टर कुंदांनी साहेबांकडे बघितलं. साहेब म्हणाले, दुसरं काम बघा. नत्थूजींनी हात जोडले आणि गेले.

सहा आठवडे झाले. त्याच फिल्मवर दुसरे जे पेशंट होते, ते काचबिंदूचे जुने गुरुजी, पुन्हा दाखवायला आले. काचबिंदूने खोल झालेला त्यांच्या चकतीतला खड्डा मला पाठ होता, इतक्यांदा मी त्याचे फोटो काढले होते. तुलना करायला म्हणून मी त्यांचा मे महिन्यातला पुठ्ठा काढून भिंगाखाली ठेवला. खड्ड्याच्या जागी चक्क टेकडी. मी डोळे चोळले, परत बघितलं. टेकडीच. गुरुजी म्हणाले, "काय झालं बाई, आजार बरा झाला काय?" आणि मला तो अडखळणारा दांडा आठवला. मग आठवलं, त्या दिवशी गुरुजींच्या आधी कोण बसलं होतं.

नत्थूजींचा पुठ्ठा कपाटातून काढला, फोटो पात्याने सोडवले, जागा बदलून ठेवले आणि बघितलं. मधोमध छान गोल, टम्म फुगलेला फोड. भोकाचा पत्ता नाही.

मी पुठ्ठा घेऊन साहेबांकडे गेले आणि काय झालं ते सांगितलं. दांडा, घाई, सवय, सगळं. ते आधी लालबुंद झाले. भिंगातून बघितलं. मग म्हणाले, "तुम्ही फोटो उलटा लावलात. पण ती पोरगी मला डोळा बघा म्हणत होती, आणि मी कागद बघत बसलो." त्यांनी डॉक्टर कुंदांना बोलावलं आणि केसपेपरवर त्यांच्यासमोर स्वतःच्या हाताने लिहिलं, आधीचं निदान चूक, डॉ. कुंदा यांचं बरोबर. माफी वगैरे ते कुणाची मागत नसत. लिहून दिलं, हेच त्यांच्याकडून पुष्कळ.

"पत्र पाठवून बोलावून घेऊ त्यांना," ते म्हणाले.

"पत्र नको साहेब. मी जाते."

इतवारीतल्या हातगाड्यांतून वाट काढत मी आधी कारखान्यात गेले. जडाईवाले खिडकीच्या उजेडाला ओळीने बसतात. तिथे कळलं की नत्थूजींनी महिन्यापूर्वीच काम सोडलं आणि आपली हत्यारं साळ्याला, म्हणजे बायकोच्या भावाला, देऊन टाकली. त्यांच्या जागेवर दुसरा कारागीर बसला होता. मग मी मागच्या बोळात घरी गेले. नत्थूजी भिंतीला टेकून बसले होते. बायको, शेवंताबाई, तांदूळ निवडत होती. मी उभ्याउभ्याच सांगितलं, तुमच्या डोळ्याला भोक नाही, फोड आहे, तो ओसरेल, चूक माझ्या हातून झाली.

मला वाटलं होतं, आनंद होईल. नत्थूजींनी आधी दाराच्या चौकटीकडे बघितलं.

"चार-आठ दिवसांपासून मले सुधरल्यावानी वाटून राहिलं होतं," ते हळूच म्हणाले. "दाराची चौकट सरळ दिसे. मी हिले म्हणलं, हे मनाचे खेळ होय. फोटोत भोक हाय म्हणते, मंग सुधरन कसं? मी आपल्या डोळ्याचं नाई ऐकलं, बाई. तुमच्या फोटोचं ऐकलं."

शेवंताबाई उठली. सूप खाली आपटलं. "आन् तुमी आता सांगाले आल्या! हा माणूस दीड महिना भिताडाकडे तोंड करून बसला. जेवला नाई, बोलला नाई. आपल्या हातानं हत्यारं देऊन आला. ते दिवस कोण वापस देईन वं मले? तुमी देता काय?"

माझ्या उभ्या आयुष्यात मला इतकं कुणी बोललं नाही, आणि ती बोलली त्यातला एक शब्दही चुकीचा नव्हता. मी रडले. ती रडली नाही. मी म्हटलं, दोन महिन्यांनी या, पुन्हा फोटो काढू. नत्थूजी म्हणाले, "पाहू." मला वाटलं नाही की ते येतील. परतताना सगळ्या इतवारीत मला एक गोष्ट डाचत होती, की डोळा तर बरा होईल, पण या माणसाचा त्या डोळ्यावरचा विश्वास मी घालवला.

त्या दिवसापासून मी फोटो घेतानाच त्याच्या कोपऱ्यात डावा की उजवा ही खूण करायला लागले, आणि स्वतः भिंगातून बघितल्याशिवाय एकही पुठ्ठा खोलीबाहेर जाऊ दिला नाही. त्या वर्षाचे सगळे जुने पुठ्ठेही काढून एकेक तपासले. त्या दोघांशिवाय कुणाचा उलटा निघाला नाही. हे मी अभिमानाने सांगते, आणि तो अभिमान किती महाग पडला तेही सांगते.

दिवाळी झाली आणि नत्थूजी आले. बायको बरोबर होती, पण दारातच थांबली.

"कामाला लागलात का?" मी विचारलं.

"लागलो. साळ्यानं हत्यारं वापस देल्ली. खिडकीतली जागा नाई भेटली, ते आता त्या दुसऱ्याची. मी आत बल्बाखाली बसतो." तक्रारीचा सूर नव्हता, जसं आहे तसं सांगितलं.

मी फोटो घेतले, डावीकडचा आधी, उजवीकडचा मागून. दुसऱ्या दिवशी या म्हटलं. ते आले तेव्हा पुठ्ठा तयार होता, पण साहेबांकडे पाठवला नव्हता. मी भिंगाची चौकट त्यांच्यापुढे ठेवली आणि म्हटलं, तुम्हीच बघा आधी.

ते वाकले. खडा किती खोल बसला ते बघण्यात ज्याचा जन्म गेला, अशा माणसाला काही शिकवावं लागलं नाही. डोळे लावताच म्हणाले, "हं, उठलं. शिरा वर हायत. अन् मधात... मधात सपाट हाय."

"फोड गेला तुमचा."

ते सरळ झाले. माझ्याकडे बघितलं. "आता हेच दोन्ही फोटो उलटे लावा."

मला क्षणभर कळेना. मग कळलं. मी पात्याने दोन्ही फोटो सोडवले आणि जागा बदलून चौकटीत ठेवले. ते पुन्हा वाकले. या वेळी फार वेळ बघत होते. दारातून शेवंताबाईही पुढे आली.

"शिरा खाली गेल्या," ते म्हणाले. "पण मधलं तसंच हाय. इकडून पाहा का तिकडून पाहा, सपाट ते सपाटच हाय."

त्यांनी बायकोकडे बघून मान हलवली. मग दोन्ही फोटो स्वतःच्या स्वच्छ बोटांनी उचलले, जिथले तिथे नीट बसवले, चौकट माझ्याकडे सरकवली आणि म्हणाले, "आता न्या साहेबाकडे."